मंडळातून मोहल्ल्यात: इंदूरात आपल्या वॉर्डाच्या कामाला कसं लागावं

इंदूरच्या मराठी घरांना मंडळांची कमी कधीच नव्हती. सानंद या संस्थेच्या नाटकांचं सभासदत्व असतं, महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमाला घरातलं कुणी ना कुणी जातं, गल्लीतला गणपती असतो, कोजागरी असते, संक्रांतीचं हळदीकुंकू तर चुकतच नाही. पण याच घरांतली माणसं रहवासी संघाच्या बैठकीला क्वचित दिसतात. नळाला पाणी किती वेळ येणार, बगिच्यातली मोटर कोण दुरुस्त करणार, नवा रस्ता घरांच्या ओट्यापेक्षा उंच झाला तर पावसाचं पाणी कुठे शिरणार, या गोष्टी तिथे बोलल्या जातात आणि पुढे झोनवर, म्हणजे नगर निगमाच्या आपल्या भागातल्या ऑफिसात, ठरतात. आपण तिथे नसलो तर दुसरं कुणीतरी आपल्या वतीने ठरवून मोकळं होतं.

मी सुदामा नगरात राहते. माहेर रामबागेतलं, लग्नानंतर इकडे आले. सध्या आमच्या भागातल्या रहवासी संघाची सचिव आहे. वर्गणी मागायची, पावतीपुस्तक सांभाळायचं, सतरंज्या कुणाकडून आणायच्या ते लक्षात ठेवायचं, रुसलेल्या माणसाच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि त्याला परत आणायचं, हे शिक्षण मराठी माणसाला मंडळात फुकट मिळतं. वॉर्डाच्या कामाला नेमकं हेच लागतं. म्हणून जे कुणी ‘आपलं तिथे काय काम’ म्हणून मागे राहतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी इथे आलेल्या मुलामुलींनाही याचा उपयोग होईल.

आधी आपला वॉर्ड कोणता ते पाहा

इंदूर नगर निगमाचे 85 वॉर्ड आहेत आणि काही वॉर्ड मिळून एक झोन होतो. घरात संपत्ती कराची पावती असेल ती काढा, त्यावर वॉर्ड आणि झोन दोन्ही सापडतील. भाड्याने राहत असाल तर घरमालकांना विचारा. मग आपले पार्षद (नगरसेवक) कोण, झोनचं ऑफिस कुठे, आपल्या भागाचे दरोगा (सफाईवर देखरेख करणारे) कोण आणि उपयंत्री (झोनचे इंजिनिअर) कोण, एवढं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कचरागाडीवरच्या भैयाला दरोगांचं नाव आणि नंबर नक्की माहीत असतो. पहिली विचारपूस त्यालाच करा, आणि त्याचंही नाव विचारून घ्या. रोज दारात येणाऱ्या माणसाला नावाने हाक मारायला नको का?

दुसरी गोष्ट, आपली कॉलनी निगमाला हस्तांतरित झाली आहे का ते पाहा. इंदूरात हा प्रश्न फार मोलाचा आहे. कॉलनी अजून कॉलोनायझरकडेच, म्हणजे ती वसवणाऱ्या बिल्डरकडेच, असेल तर रस्ता आणि ड्रेनेजसाठी झोनवर कितीही खेटे घातले तरी उत्तर एकच मिळेल. विकास प्राधिकरणाच्या योजनेत राहणाऱ्यांनी योजना निगमाच्या ताब्यात आली का हे विचारावं. बहुमजली इमारतीत राहत असाल तर तिथे मध्यप्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 लागू होतो आणि फ्लॅटधारकांच्या संघटनेचे नियम वेगळे असतात. रस्त्यावरचे दिवे निगमाचे, पण लाइट गेली किंवा तार लोंबकळली तर ती वीज कंपनीकडे, 1912 वर. कोणाचं काय हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

बैठकीला जा आणि ऐका

रहवासी संघाची बैठक बहुतेक रविवारी सकाळी बगिच्यात नाहीतर कॉलनीच्या मंदिराच्या सभामंडपात होते. बगिच्याच्या फाटकावर चिठ्ठी लागलेली असते. व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यात आपला नंबर घालायला सांगा, पण ग्रुपवर राहून बैठक चुकवली तर काही उपयोग नाही. ग्रुपवर भांडणं होतात, कामं समोरासमोर ठरतात.

पहिल्या काही बैठकांना सूचना करू नका. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कोणाचं कोणाशी जुनं वैर आहे, पैसे कोणाकडे आहेत, कागद कोणाकडे आहेत, हे बघा. आमच्याकडे मालवी बोलणारी घरं आहेत, सिंधी आहेत, जैन आहेत, बिहारहून आलेली मंडळी आहेत. प्रत्येकाची अडचण ऐकली की लक्षात येतं, आपल्या दारातलं पाणी तुंबतं ते समोरच्या गल्लीतून येतं आणि त्या गल्लीतल्या माणसाशी आपण आजवर बोललेलोच नाही. मराठी माणसाने मराठी माणसाशेजारीच बसायचं, ही आपली खोड इथे घरीच ठेवून या.

मग एक काम अंगावर घ्या, आणि ते कुणालाच नको असलेलं घ्या. माझा सगळ्यांना आग्रह असतो की कार्यवाहीचं रजिस्टर घ्या. लोकांना वाटतं लिहिणं म्हणजे कारकुनी. पण बैठकीत काय ठरलं, कोणी करायचं कबूल केलं आणि कधीपर्यंत, एवढं लिहून पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवलं की संघाची चाल बदलते. ‘मी बघतो’ असं म्हणून विसरणारा माणूस स्वतःचं नाव वाचलेलं ऐकतो आणि पुढच्या वेळी काहीतरी करून येतो. यासाठी कुणाला बोल लावावा लागत नाही. रजिस्टर हिंदीत लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. हजर असलेल्यांच्या सह्या त्याच पानावर घ्या. पुढे झोनवर अर्ज देताना त्या पानाची झेरॉक्स जोडता येते आणि चाळीस सह्या पुन्हा गोळा करत फिरावं लागत नाही.

एक काम शेवटापर्यंत नेऊन पाहा

आमच्या गल्लीत नवा डांबरी रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात तीन घरांच्या मोरीतून घाण पाणी उलटं वर यायला लागलं. रस्ता करणाऱ्या ठेकेदाराने वळणावरचं ड्रेनेजचं चेंबर डांबराखाली गाडून टाकलं होतं. झाकण कुठे होतं हे आता दिसतच नव्हतं. कोपऱ्यावर राहणारे निवृत्त इंजिनिअर काका टेप घेऊन आले. एका घराच्या गृहप्रवेशाच्या जुन्या फोटोत झाकण दिसत होतं, त्यातल्या विजेच्या खांबापासून त्यांनी अंदाज बांधला आणि रस्त्यावर खडूने गोल काढला. मुलांना बजावून ठेवलं की हा गोल पुसायचा नाही.

मग आम्ही जे केलं ते क्रमाने सांगते, कारण बहुतेक कामं याच वाटेने जातात.

आधी ‘इंदूर 311’ या निगमाच्या अॅपवर तक्रार घातली. फोटोत खडूचा गोल, खांबाचा नंबर आणि शेजारच्या घराचा नंबर, तिन्ही दिसतील असा फोटो काढला. नुसत्या खड्ड्याचा फोटो इंदूरातल्या कुठल्याही गल्लीतला असू शकतो, हे लक्षात ठेवा. तक्रारीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहिला. तिन्ही घरांनी आपापली वेगळी तक्रार घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोनवर गेलो. सकाळीच जा, नंतर उपयंत्री साइटवर निघून जातात. अर्ज एका पानाचा, हिंदीत. विषयाच्या ओळीत गल्लीचं नाव आणि काम. खाली तीन गोष्टी: काय झालं आहे, कधीपासून, आणि आमची मागणी काय. ‘वारंवार विनंती करूनही’ वगैरे भाषा त्यात नव्हती. दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. तोंडी सांगितलेलं चार दिवसांत हवेत विरतं.

तिसरं, माहितीचा अधिकार. 2005 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपये शुल्क भरून अर्ज देता येतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही भरावं लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील करता येतं. लोक अर्जात ‘रस्ता खराब का झाला’ असा प्रश्न विचारतात. ‘का’ विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते. कागद मागा. या रस्त्याची वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकाची (केलेल्या कामाच्या मोजमापांच्या वहीची) प्रत आणि ठेकेदाराच्या दुरुस्तीच्या जबाबदारीचा कालावधी, एवढंच आम्ही मागितलं. वर्क ऑर्डरमध्ये चेंबरं नव्या पातळीला उचलण्याचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद हातात आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. उपयंत्री स्वतः येऊन बघून गेले, डांबर फोडलं, झाकण काकांच्या गोलापासून वीतभर अंतरावर निघालं आणि ठेकेदाराने ते त्याच्या खर्चाने उचललं. याच कायद्यात चालू काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

यानेही काम झालं नाही तर आणखी दोन दारं आहेत. कलेक्टर ऑफिसात दर मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे फाइल घेऊन जा: तक्रारीचा नंबर, शिक्क्याची प्रत, फोटो, तारखांच्या क्रमाने. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला वेळ कमी असतो, तेव्हा एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आणि 181 वर सीएम हेल्पलाइन आहे. तिथली तक्रार अधिकाऱ्यांच्या एल-1 या खालच्या पातळीपासून एल-4 पर्यंत वर सरकत जाते. तक्रार मिटली का असं विचारायला फोन येतो. काम झालं नसेल तर शांतपणे ‘नाही झालं, तक्रार उघडी ठेवा’ म्हणा. झालं असेल तर मनापासून हो म्हणा आणि आभार माना. काम झाल्यावर झोनवर जाऊन उपयंत्र्यांना आणि चेंबरात उतरलेल्या माणसांना धन्यवाद देणारा अर्जही आम्ही दिला, त्याचाही शिक्का घेतला. पुढच्या कामाला हा कागद फार उपयोगी पडतो. आणि उपयोगी पडला नसता तरी तो द्यायलाच हवा होता.

हे शहर लोकांच्या रेट्याने चाललेलं आहे

कुणी म्हणतं, सामान्य माणसाने काय होणार. मी त्यांना नर्मदेचं पाणी दाखवते. यशवंत सागर, सिरपूर, बिलावली यांवर हे शहर तहान भागवायचं आणि उन्हाळ्यात ते पुरायचं नाही. 1970 साली इंदूरच्या लोकांनी नर्मदेचं पाणी आणा म्हणून आंदोलन उभं केलं. विद्यार्थी, कामगार, व्यापारी, सगळे त्यात होते आणि अभ्यास मंडळासारख्या संस्थेने त्यात पुढाकार घेतला. सरकारला योजना मान्य करावी लागली आणि 1978 मध्ये जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वरून नर्मदा इंदूरात आली. आज आपण नळ उघडतो तेव्हा त्या लोकांचं देणं आपल्याकडे येतं. अभ्यास मंडळाची उन्हाळी व्याख्यानमाला अजून चालते. तिथे जाऊन बसा, प्रश्न विचारा. शहराबद्दल विचार करणारी माणसं एका जागी भेटायची तर यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

त्याआधीची एक हकिगत तर प्रत्येक शाळेत सांगायला हवी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरात बोलावलं. शहरात प्लेगची भीती होती. त्याने दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की ती ठरलेल्या वाटेने जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरं सर्वात स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्या रस्त्याने जाईल. मग घरोघरी झाडलोट सुरू झाली आणि गाड्याच्या गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून चालले आणि शेवटी घाणीच्या राक्षसाबरोबर प्लेगच्या उंदराचाही पुतळा जाळला. 2017 पासून स्वच्छतेत इंदूरचं नाव देशात पुढे आहे त्याचं श्रेय निगमाला आहेच, पण ओला-सुका कचरा वेगळा करणारे हात घराघरातले आहेत. मला वाटतं शंभर वर्षांपूर्वी गेडिसला जे कळलं होतं ते आजही खरं आहे. लोकांना दंडापेक्षा मान जास्त पुढे नेतो. रहवासी संघात एखाद्या गल्लीचं कौतुक करायची संधी मिळाली तर ती दवडू नका.

बायकांनी

हा भाग मी सर्वात जास्त मनापासून लिहिते आहे. बैठकीला पुरुष येतात आणि पाण्याबद्दल बोलतात. पाणी किती वाजता येतं, कोणत्या दिवशी धार बारीक असते, कोणत्या गल्लीतला दिवा बंद असल्यामुळे क्लासहून येणाऱ्या मुली लांबचा रस्ता धरतात, हे घरातल्या बाईला माहीत असतं. ती बैठकीला येत नाही, कारण रविवारी सकाळी तिचा स्वयंपाक चाललेला असतो.

आम्ही संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू यासाठी वापरतो. वाण म्हणून जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या देतो, त्या कॉलनीतल्याच एक मावशी शिवतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. हळदीकुंकू फक्त मराठी घरांपुरतं ठेवलं नाही. सिंधी भाभी, मालवी काकी, सगळ्यांना बोलावतो. विधवा म्हणून कुणाला वगळत नाही, हे आमच्या मंडळाने ठरवून घेतलं आहे आणि त्यावर आमच्यातल्या काही जणी नाराजही झाल्या. त्यांच्या घरी जाऊन बोललो, आता त्या स्वतः बोलावणं करतात. टेबलावर तिळगुळाशेजारी एक वही असते. तिच्यात प्रत्येकीने आपल्या गल्लीतली एक अडचण लिहायची. ती वही पुढच्या बैठकीत मी वाचून दाखवते आणि बैठकीची वेळही आम्ही बायकांच्या सोयीने संध्याकाळची करून घेतली.

मध्यप्रदेशात नगरपालिका-निगमांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सुमित्राताई महाजन 1982 साली निगमात पार्षद झाल्या, दोन वर्षांनी उपमहापौर, मग 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेत निवडून गेल्या आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या पक्षाशी कुणाचं जमो न जमो, एका चिपळूणच्या मुलीने इंदूरात संसार करत वॉर्डापासून सुरुवात केली, हे आपल्या लेकीसुनांना सांगायला हवं. पार्षद व्हायचं मनात नसलं तरी पार्षदांच्या घरी पुरुषमंडळींबरोबर दोन बायका गेल्या की बोलणं वेगळं होतं, हा अनुभव घ्या.

संघ नसेल तर

कॉलनीत रहवासी संघच नसेल तर स्थापन करा. त्याची नोंदणी मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली फर्म्स आणि संस्था यांच्या रजिस्ट्रारकडे होते. किमान सात जण लागतात. सातही जण एकाच गल्लीतले, एकाच जातीचे किंवा एकाच पक्षाचे असू नयेत. हे कायद्यात नाही, पण एवढं पाळलं तर संघ टिकतो. नोंदणीची घाई नको. आधी वर्षभर नोंदणीशिवाय चालवून पाहा, कोण टिकतं ते कळू द्या. आरंभशूर खूप असतात.

पैशाचं मात्र पहिल्या दिवसापासून चोख ठेवा. बँकेत खातं, दोन सह्या, प्रत्येक वर्गणीची पावती, महिन्याचा जमाखर्च बगिच्याच्या फलकावर. दहा रुपयांचा झाडूही त्यात दिसला पाहिजे. नोंदणी झाल्यावर दर वर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब रजिस्ट्रारकडे द्यावे लागतात, ते राहून गेले की पुढे संघात वाद झाल्यावर सगळं अडतं.

निवडणूक जवळ आली की पक्षांची माणसं संघाच्या कार्यक्रमाला बॅनर, मंडप, जेवण देऊ करतात. आम्ही घेत नाही. उमेदवार सगळ्या पक्षांचे बोलवा, एकाच सतरंजीवर बसवा, पोहे-जिलेबी संघाच्या खर्चाने द्या आणि वॉर्डाचे लेखी प्रश्न त्यांच्या हातात ठेवा.

मतदार यादी, दर वर्षी

पार्षद आणि महापौर दोघांनाही इंदूरात आपण थेट निवडतो. मागची निवडणूक 2022 च्या जुलैत झाली, म्हणजे पुढची 2027 मध्ये. निगमाची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यासाठीची वॉर्डवार यादी वेगळी तयार होते. लोकसभेला मत दिलं होतं म्हणून निगमाच्या यादीतही नाव बरोबर वॉर्डात असेल असं धरून चालू नका. विधानसभेच्या यादीसाठी नवं नाव फॉर्म 6 ने, पत्ता बदल किंवा दुरुस्ती फॉर्म 8 ने. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलाला वर्षभर थांबावं लागत नाही. माहितीसाठी 1950. आपल्या भागातल्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, बहुधा एखाद्या शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडी कार्यकर्त्या असतात. उन्हात दारोदार फिरणाऱ्या त्या बाईंना पाणी विचारा, आणि गल्लीतलं कोण गेलं, कोण आलं हे नीट सांगा. पुण्याहून आलेल्या मुलांनो, दोनतीन वर्षं इथे राहणार असाल तर नाव इथे आणा. ज्या रस्त्यावर रोज गाडी चालवता, तुमचं मतही तिथलंच असावं.

आणखी काही दारं

सगळ्यांना बैठका आवडत नाहीत. मूल सरकारी शाळेत असेल तर शाळा प्रबंधन समितीत जा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. रात्रीच्या गस्तीत, मिरवणुकीच्या बंदोबस्तात मदत करायची असेल तर पोलीस ठाण्यात नगर रक्षा समितीबद्दल विचारा. निगमाचं बजेट मार्च-एप्रिलच्या सुमारास येतं, तेव्हा आपल्या बगिच्याची किंवा नाल्याची मागणी पार्षदांकडे दिवाळीनंतर लगेच लेखी द्या. मार्चमध्ये गेलात तर उशीर झालेला असतो.

आणि माणसांपेक्षा पक्ष्यांत रमणारे असाल तर सिरपूर तलावावर जा. आमच्या घरापासून तो लांब नाही. एके काळी तिथे अतिक्रमण, सांडपाणी, शिकार सगळं होतं. भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’च्या मंडळींनी वर्षानुवर्षं तिथे ठाण मांडलं, निगमाच्या आणि सरकारच्या मागे लागले, झाडं लावली, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. मोंढे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2022 साली सिरपूर रामसर यादीत आलं. हिवाळ्यात सकाळी दुर्बीण आणि वही घेऊन तिथे उभं राहणं हेही नागरिकाचं काम आहे, कारण त्या वह्यांतल्या नोंदींनीच तलावाची बाजू मांडली.

शेवटी पदाबद्दल. सचिव झालात की पहिल्याच बैठकीत आपण कोणत्या वर्षी पद सोडणार ते रजिस्टरमध्ये लिहून टाका, आणि शेजारी एखाद्या तरुण मुलाला किंवा सुनेला बसवून कामं दाखवत राहा. सोडताना द्यायच्या वस्तूंची यादी करा: कार्यवाहीची सगळी रजिस्टरं, पावतीपुस्तकांची स्थळप्रत, बँकेचं पासबुक आणि सह्या बदलण्याचा ठराव, नोंदणीचं प्रमाणपत्र, आवकच्या शिक्क्यांच्या प्रतींची फाइल, उघड्या तक्रारींचे नंबर, व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद, बगिच्याच्या मोटरच्या खोलीची किल्ली. नव्या सचिवाला घेऊन एकदा झोनवर जा, दरोगा आणि उपयंत्र्यांशी ओळख करून द्या, आणि त्यानंतर तुमच्याकडे फोन आला तर त्यांचा नंबर द्या.